एका उसळीची चार रूपं

इंग्रजीतल्या ‘स्प्रिंग’ या नामाशी चिनी विद्यार्थ्याची गाठ पडते तेव्हा शब्दकोश त्याच्यापुढे चार गोष्टी ठेवतो: वसंत ऋतू, झरा, घड्याळातली कमान आणि उडी. चिनीत या चौघांची एकमेकांशी ओळखदेखसुद्धा नाही. वसंत म्हणजे ‘छुन’, झरा म्हणजे ‘छ्युआन’, धातूची स्प्रिंग म्हणजे ‘थानह्वांग’. मग यातला खरा अर्थ कोणता, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे.

एका उच्चाराचे अनेक अर्थ असणं त्याला नवं नाही. त्यात तो आपल्यापेक्षा मुरलेला. चाओ युआनरेन या भाषाशास्त्रज्ञाने 90हून अधिक अक्षरांची एक गोष्ट रचली, आणि तिच्यातल्या प्रत्येक अक्षराचा उच्चार ‘शि’ आहे. बदलतो तो फक्त सूर. ऐकणाऱ्याला काही उमगत नाही. तीच गोष्ट कागदावर वाचली की दगडी गुहेतला कवी, त्याचे सिंह, सगळं उलगडतं, कारण प्रत्येक शब्दाचं चिन्ह निराळं. कानाने घातलेला घोळ डोळे निस्तरतात, ही त्या विद्यार्थ्याची लहानपणापासूनची सवय. इंग्रजीत मात्र वसंत असो वा झरा, डोळ्यांना तीच सहा अक्षरं दिसतात.

म्हणून त्याला चार प्रतिशब्द पाठ करायला लावू नयेत, त्याला हालचाल दाखवावी, असं मला मनापासून वाटतं. ‘स्प्रिंग’ हे मुळात जुन्या इंग्रजीतलं क्रियापद: उसळणं, झेप घेणं. जमिनीतून पाणी उसळतं ती जागा स्प्रिंग. दाबलेली गुंडाळी सोडताच उसळते, ती स्प्रिंग. ऋतूला हे नाव बरंच उशिरा मिळालं. आधी वसंतासाठी जो शब्द होता त्याचं नातं दिवस लांबण्याशी होतं. तो पुढे ईस्टरआधीच्या उपासकाळापुरता उरला. 16व्या शतकात लोक ‘पानांची स्प्रिंग’ म्हणत, म्हणजे पालवी फुटते तो काळ. आणि रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने 1660 साली आपल्या पुस्तकाच्या नावातच ‘हवेची स्प्रिंग’ असा शब्दप्रयोग केला. तिथे धातूचा तुकडाही नाही. कोंडलेली हवा दाबली की ती उलट रेटते, एवढंच त्याला सांगायचं होतं.

आता खरी नवलाची गोष्ट. ही उसळी चिनी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लिपीत आधीपासूनच आहे. शानतुंग प्रांतात जिनान नावाचं शहर आहे, झऱ्यांचं शहर म्हणून चीनभर प्रसिद्ध. तिथला सर्वांत नावाजलेला झरा ‘बाओतू’. या नावातल्या पहिल्या चिन्हाची डावी बाजू बघा: तिथे पाऊल आहे. पाण्याच्या नावात पाऊल! कारण ‘बाओ’ म्हणजे उडी आणि ‘तू’ म्हणजे एकदम मुसंडी मारणं. शेजारशेजारच्या तीन तोंडांतून पाणी वर उसळताना ज्याने पाहिलं, त्याला झऱ्याला पाय फुटले आहेत असंच वाटलं असणार. या उडीमागचं कारणही सुंदर आहे. शहराच्या दक्षिणेकडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस चुनखडीत मुरतो आणि खडकाच्या उतारावरून जमिनीखालीच उत्तरेकडे सरकतो. शहरापाशी अग्निजन्य खडक आडवा येतो. पाणी कोंडतं, दाब वाढतो, आणि वाट सापडेल तिथून ते वर झेपावतं. बॉइलच्या हवेप्रमाणे इथेही आधी दाब, मग उसळी.

‘छुन’च्या जुन्या रूपात गवत आहे, सूर्य आहे आणि माती फोडून वर येणारा कोंब मानलं जाणारं एक चिन्ह आहे. ‘थान’मध्ये ताणलेलं धनुष्य आहे, ‘ह्वांग’ म्हणजे वाद्यातली थरथरणारी पट्टी. शब्द निरनिराळे, पण प्रत्येकात काहीतरी दबून, ताणून मोकळं होतंय. हे एकदा दाखवलं की विद्यार्थ्याला ‘स्प्रिंग’ परकी राहत नाही.

तरीही ‘स्प्रिंग टाइड’ला तो वसंतातली भरती समजू शकतो. ऋतूचा तिथे काडीचा संबंध नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला समुद्र उसळतो ती ही भरती, आपल्या कोकणात जिला उधाण म्हणतात. चिनीत ती नुसती ‘मोठी भरती’.

‘स्प्रिंग रोल’च्या बाबतीत मात्र त्याला काही शिकवावं लागत नाही. आपल्याकडे गाडीवर तो खाताना गुंडाळीमुळे हे नाव पडलं असेल असं वाटणं साहजिक आहे. पण हा चिनी ‘छुनज्युआन’चा शब्दशः इंग्रजी अनुवाद आहे: वसंतातली गुंडाळी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला चिनी पंचांगात वसंत लागतो, आणि त्या सुमाराला कोवळ्या भाज्या पातळ पोळीत गुंडाळून खायची तिथे जुनी रीत आहे.