एक अट लिहायची राहिली तर...

समजा, गावातल्या पतसंस्थेत ४०,००० खातेदार आहेत. त्यातल्या एका काकूंचा मोबाईल नंबर बदलला. संगणक विभागातला मुलगा आज्ञा लिहितो : 'खातेदारांच्या तक्त्यात मोबाईल नंबर हा करा.' पुढची अट, 'ज्यांचा खाते क्रमांक अमुक, त्यांचाच', लिहायची राहून जाते. झालं! क्षणात ४०,००० जणांचा नंबर एकच. आता पैसे कुणीही काढोत, निरोप जाणार काकूंच्या फोनवर!

यात यंत्राचं काय चुकलं? काहीच नाही. डेटाबेसशी बोलायच्या एसक्यूएल या भाषेत 'अपडेट' आज्ञेतली 'व्हेअर' ही अट ऐच्छिक आहे. अट नाही म्हणजे सगळेच, असा सरळ अर्थ. त्यामुळे संगणक कुरकुर करत नाही. '४०,००० ओळी बदलल्या' एवढंच सांगतो.

तुम्ही म्हणाल, लक्ष देऊन काम करावं. पण दमलेला माणूस चुकणारच. तेव्हा चूक अडेल अशी व्यवस्था हवी.

पहिली गोष्ट, बदलण्याआधी तीच अट घालून नुसत्या ओळी पाहाव्यात. एक दिसायला हवी आणि हजारो दिसल्या, तर तिथंच थांबावं. दुसरी, काम 'ट्रान्झॅक्शन'मध्ये करावं. मग 'कमिट' म्हणेपर्यंत बदल पक्का होत नाही. 'रोलबॅक' म्हटलं की सगळं पूर्ववत. तिसरी, 'मायएसक्यूएल'मध्ये 'सेफ अपडेट्स' नावाची सोय आहे. ती चालू असली की ठरावीक ओळी शोधणारी अट किंवा ओळींची मर्यादा नसलेली आज्ञा नाकारली जाते. या सोयीचं दुसरं नाव गमतीचं आहे : 'आय अ‍ॅम अ डमी', म्हणजे 'मी अडाणी आहे'! असं कबूल करण्यातच शहाणपण आहे.

आणि शेवटची गोष्ट, माहितीची जपून ठेवलेली प्रत. ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. प्रती ठेवण्याचे पाच मार्ग योजलेले होते. ऐन वेळी एकही धड कामी आला नाही. सुदैवानं सुमारे सहा तासांपूर्वी हातानं काढलेली एक प्रत सापडली. मधल्या सहा तासांतली माहिती मात्र कायमची गेली. तेव्हा प्रत नुसती ठेवून भागत नाही, ती उघडते का, हेही अधूनमधून पाहावं लागतं.

आपलं रेशनकार्ड, बँकेचं खातं, मुलांचे गुण, सगळं आज कुठल्या ना कुठल्या तक्त्यातली एक ओळ आहे. ती ओळ एकाच्या विसरण्यावर अवलंबून नसावी.