हौद्यावरचं घडीचं घर

अमेरिकेत नव्या पिकअप ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर एक लहानसा स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून अमुक वजनाच्या वर जाऊ नका, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. रोज ट्रक चालवणारे तो क्वचितच वाचतात. पण ज्याला ट्रकच्या हौद्यावर बसेल असं वर उघडणाऱ्या छपराचं कॅम्पर स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधायचं आहे, त्याने टेप आणि पेन्सिल हातात घेण्याआधी तो आकडा वहीत उतरवायला हवा. या कामातले बहुतेक घोटाळे तो न उतरवल्यामुळेच होतात.

समजा आकडा ५५० किलोचा आहे. दोन माणसांचे १५० गेले. चाळीस लिटर पाण्याचे ४०. फ्रिज, बॅटरी, शेगडी, सिलिंडर यांचे ८०. गाद्या, कपडे, खाणंपिणं, हत्यारांची पेटी मिळून आणखी ६०. उरले २२०. भिंती, छप्पर, दार, छप्पर उचलायची यंत्रणा, कापड, स्क्रू आणि रंग हे सगळं या २२० किलोंत बसवायचं. पाऊण इंची प्लायची आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या आसपास भरते. सात शीट लावल्या की कोटा संपला, आणि छप्पर अजून जागचं हललेलंही नाही. म्हणून जाणती मंडळी पाव इंची प्लाय वापरतात. ती शीट दहा-अकरा किलोंत भागते.

वजन किती, याच्याइतकंच ते कुठे पडतं हेही महत्त्वाचं. मागच्या आसाच्या मागे ठेवलेला प्रत्येक किलो पुढच्या चाकांवरचा भार कमी करतो, आणि वळणावर स्टिअरिंग हलकं, भलतंच हलकं लागतं. त्यामुळे पाण्याची टाकी आणि बॅटरी केबिनच्या पाठीला चिकटवून बसवायची. कॅम्परचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत चालेल, ते ट्रक कंपनीने ग्राहकाला सांगावं असा तिकडे नियमच आहे. काम झालं की लोक गाडी हायवेवरच्या ट्रक-थांब्याच्या वजनकाट्यावर नेतात. तिथे पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन वेगवेगळं मिळतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर दोन उंचींसाठी. हौद्याचा तळ जमिनीपासून सुमारे ८८ सेंटीमीटरवर असतो आणि मोठ्या पिकअपच्या केबिनचं टप १९५ वर. म्हणजे छप्पर टपाच्या पातळीत ठेवलं तर आत मिळते जेमतेम एक मीटर उंची, तीही रांगायला. उभं राहून चहा करायचा तर १८८ तरी हवेत. मधली पंच्याऐंशी सेंटीमीटर कुठून आणायची, हा या सगळ्या कारागिरीचा मूळ प्रश्न. पलंग केबिनच्या टपावर पुढे काढायचा असेल तर टपापासून सोडलेली फट, फळी, गादी आणि छपराची जाडी धरून चालतानाची उंची २२० वर जाते. अमेरिकन घरांच्या गॅरेजचं दार सहसा सात फुटांचं, म्हणजे २१३ सेंटीमीटरचं. सात सेंटीमीटरनी घर घराबाहेर राहतं! गादी पातळ करायची, की पलंग हौद्याच्या वरच ठेवायचा, की गाडी अंगणात लावायची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

छप्पर उंचच उंच, पण कायमचं घट्ट बांधलं तर काय बिघडतं? वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० वरून ११० वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट होतो. केबिनच्या वर मीटरभर उंच भिंत उभी करून हायवेला लागलं की इंजिनाची बरीचशी ताकद हवा ढकलण्यातच जाते. शिवाय कच्च्या वाटेवर, गाडी एका कुशीवर कलली की उंचावरचं वजन तिला आणखी कलवतं. अन् या गाड्या जातात त्या वाटाच तसल्या. अमेरिकेच्या पश्चिमेत, युटा, नेवाडा, ॲरिझोनात केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे अफाट मोकळी जमीन आहे. देशाचा सुमारे एक दशांश भूभाग या एका खात्याकडे आहे. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो, साधारण १४ दिवसांपर्यंत. वीज नाही, नळ नाही, पक्का रस्ता नाही. हौद्यावरचं कॅम्पर रुजलं ते याच मुलुखात.

युरोपात व्हॅनची छपरं उघडू लागली. इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीची डॉर्मोबिल, जर्मनीत फोक्सवॅगनवरची वेस्टफालिया. पिकअपसाठी पहिली मोठी उडी मारली ती १९५० च्या दशकात डॉन हॉल यांच्या अलास्कन कॅम्परने. त्यात कापड नाहीच. वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावर डब्याच्या झाकणासारखा उतरतो आणि हायड्रॉलिकच्या जोरावर वर जातो. भिंती टणक, थंडीला उत्तम. पण वजन आणि किंमत दोन्ही जड. १९७२ मध्ये सुरू झालेल्या फोर व्हील कॅम्पर्सने उलटी वाट धरली. खाली हलकी चौकट, वर जाताना कापडाच्या भिंती. (लेखक जॉन स्टाइनबेक ज्या ट्रकमधून १९६० मध्ये अमेरिका बघायला निघाले, त्या ‘रोसिनान्ते’चं छप्पर मात्र पक्कंच होतं. ती गाडी आज कॅलिफोर्नियात सलिनासच्या संग्रहालयात उभी आहे.)

फोर व्हीलची छप्पर उचलायची रीत मुद्दाम जवळून बघावी अशी आहे. पुढे आणि मागे, दोन्ही टोकांना छपराच्या जवळजवळ पूर्ण रुंदीची प्लायची एकेक फळी असते, मध्ये आडवी बिजागरी घालून दुमडलेली. वरची कड छपराला बिजागरीने जोडलेली, खालची कड भिंतीच्या माथ्याला. छप्पर खाली असताना फळी मिटून आत पडलेली असते. बाहेरच्या कड्या सोडायच्या, आत शिरायचं, दुमडीवर तळहात टेकवून ढकलायचं. फळी सरळ होत जाते, छपराचं ते टोक उचललं जातं, आणि फळी उभ्या रेषेच्या किंचित पलीकडे गेली की छपराच्याच वजनाने तिथे पक्की बसते. मग दुसरं टोक. मोटर नाही, वायर नाही, तेल नाही.

या साधेपणात खरी हुशारी दडलेली आहे. छप्पर उचलणं अवघड नसतं. ते सरळ उचलणं अवघड असतं. जुन्या लाकडी टेबलाचा खण एका बाजूने ओढला की तिरका होऊन अडकतो, तशी चार कोपऱ्यांवर चार वेगळे दांडे लावलेल्या छपराची गत होते. चार विजेचे ॲक्चुएटर, म्हणजे मोटरने लांब-आखूड होणारे दांडे, लावले तर चौघांवरचा भार सारखा नसतो, म्हणून वेगही सारखा राहत नाही. मग प्रत्येकाची जागा मोजणारे सेन्सर आणि त्यांना एका तालात ठेवणारा कंट्रोलर आला. बॅटरी बसली तर हाताने उघडायची सोयही करावी लागते. फळीत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण डावा आणि उजवा कोपरा एकाच फळीला बांधलेले असतात. वर ती फळीच टोकाची भिंत होते आणि छपराला बाजूला डोलू देत नाही. घरी बांधणाऱ्यांपैकी ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे ते ॲक्चुएटरकडेच वळतात. हौसेला मोल नसतं, हे खरं. माझं मत मात्र बिजागरीच्या बाजूने.

गॅस स्ट्रट, म्हणजे गाडीची डिकी वर धरून ठेवणारे ते काळे दांडे, मदतीला चांगले. पण त्यांचा स्वभाव ओळखून. छप्पर मिटलेलं असताना दांडा जवळजवळ आडवा पडलेला असतो, त्यामुळे जोर लागायला हवा तिथेच तो सगळ्यात कमी पडतो. शिवाय आतला वायू गारठला की दाब उतरतो. विशीतल्या तापमानातून उणे दहावर गेलं की दहा टक्के ताकद गेली. आणि नेमकी त्याच रात्री छपरावर बर्फ साठतो. पाच चौरस मीटरच्या छपरावर वीतभराहूनही कमी, दहाच सेंटीमीटर ओला बर्फ साचला, तरी तो शंभर किलो भरतो.

छपरासाठी घरगुती कारागिरांमध्ये एक गमतीची पद्धत आहे. गुलाबी किंवा निळ्या फोमच्या शीट घ्यायच्या, त्यावर जाड सुती कॅनव्हास पसरायचा, पाणी न लागणाऱ्या सुतारी गोंदाने तो भिजवून चिकटवायचा आणि वर घराच्या बाहेरचा रंग मारायचा. तिकडे याला ‘गरिबाचं फायबरग्लास’ म्हणतात. हलकं होतं, थंडी अडवतं, विषारी वासही नाही. मात्र फोममध्ये स्क्रू धरत नाही. म्हणून बिजागऱ्या आणि कड्या येणार तिथे आधीच लाकडाच्या पट्ट्या पुरून ठेवाव्या लागतात. हे विसरलं की पहिल्याच जोराच्या वाऱ्यात कडी छपराचा तुकडा घेऊन निघते.

मधलं कापड बहुधा व्हिनाइलचा थर दिलेलं पॉलिएस्टर असतं. पाणी ते आत येऊ देत नाही, आणि बाहेरही जाऊ देत नाही. झोपलेली दोन माणसं रात्रभर श्वासातून वाफ सोडतात. त्यात आत प्रोपेनची शेगडी पेटवली तर एक किलो गॅस जळून दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. सकाळी कापडावरून ओघळ येतात आणि उशा ओल्या. उपाय दोनच: आतून दुसरं कापड लावून मध्ये हवेची पोकळी ठेवायची, आणि कितीही थंडी असली तरी दोन झरोके उघडे ठेवायचे. दुसरा उपाय कार्बन मोनॉक्साइडसाठीही लागतो, त्यामुळे तिथे तडजोड नाही.

नवख्याच्या लक्षात हमखास न येणारी गोष्ट म्हणजे ट्रक पिळतो. खडबडीत वाटेवर चासी वळते, केबिन एका बाजूला झुकते आणि हौदा दुसऱ्या. म्हणून केबिन आणि हौदा यांच्यात कंपनीच फट सोडते. कॅम्पर दोघांनाही घट्ट जोडलं तर काहीतरी तुटणारच, एकतर काचेभोवतीचा पत्रा नाहीतर तुमचा सांधा. म्हणून कॅम्पर फक्त हौद्यात बसवायचं, टर्नबकलने, म्हणजे पिळून ताण देता येणाऱ्या आकड्यांनी, चार ठिकाणी ताणून बांधायचं आणि केबिनच्या टपावर बोटभर फट सोडायची.

हे असं नुसतं बांधून ठेवणं कायद्याच्याही पथ्यावर पडतं. नियम राज्यागणिक वेगळे असले, तरी अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हौद्यात ठेवलेलं कॅम्पर हे वाहनाचा भाग नसून ट्रकवरचा माल धरलं जातं. चार जॅकवर उचललं, ट्रक खालून काढला, की सोमवारी त्याच हौद्यात वाळू भरायला मोकळे. आपल्याकडे हिलक्स किंवा व्ही-क्रॉससारखा पिकअप घेतलेल्यांना हे पाहून हुरूप येतो. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. मूळ बनावटीत बदल करून वाहन चालवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण ते नोंदणी झालेल्या कॅरॅव्हानसाठी. गॅरेजमधल्या सुताराचा विचार त्यात नाही. तेव्हा इथे कुणी हात घालणार असेल, तर प्लाय आणायच्या आधी त्याने एक चक्कर आरटीओकडे मारावी, आणि जे सांगतील ते लेखी घ्यावं.