आधी काठी, मग लोखंड

पहिली पाळी सुटली की वाळूज औद्योगिक वसाहतीतून बजाजनगर, रांजणगावकडे मोटारसायकलींचा लोंढा निघतो. त्यातले काही तरुण घरी न जाता थेट व्यायामशाळेत शिरतात. पत्र्याचे छप्पर, भिंतीला आरसा, कोपऱ्यात लोखंडी बार. अलीकडे काहींना नुसते दंड फुगवण्यात गोडी उरलेली नाही. मोबाईलवर ऑलिंपिकचे वेटलिफ्टिंग पाहून त्यांनाही जमिनीवरचा बार डोक्यावर न्यायचा असतो. हौस चांगली आहे. पण होते काय, की पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंना प्लेटा चढतात, मित्र कोंडाळे करतात आणि पाठीची कमान करून बार ओढला जातो. दुसऱ्या दिवशी कामावर कंबर धरून उभे राहण्याची पाळी येते. ज्याचे पोट आठ तास मशीनपुढे उभे राहण्यावर आहे, आणि तेही ठेकेदाराकडे, त्याची पाठ धरली की खाडे पडतात; खाडे पडले की किराणा अडतो. म्हणून हा लेख.

या खेळात उचलण्याचे प्रकार दोनच. स्नॅचमध्ये बार रुंद पकडीने, एकाच झेपेत डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर घ्यायचा, उभे राहायचे आणि मग डोक्यावर झोकायचा. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात. दोन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज होते. पुरुषांचा नुसता बार २० किलोचा, महिलांचा १५ किलोचा. शिकणाऱ्याला पहिले काही दिवस तोही जड आहे. त्याने झाडूचा दांडा किंवा नळाचा प्लास्टिक पाइप घ्यावा. मित्र हसतील, हसू द्यावे.

मार्केट यार्डातल्या हमालाकडे एकदा नीट पाहा. पोते उचलताना तो ते अंगाला चिकटवून घेतो, लांब धरीत नाही. गुडघ्याचा ठोसा देऊन पोते वर उडवतो आणि त्याच क्षणी स्वतः खाली वाकून खांदा त्याच्या खाली घालतो. क्लीनचे मर्म यात आले. वजन अंगाजवळ ठेवायचे, जोर पायांचा लावायचा, आणि वजन वर आले की आपण त्याच्या खाली जायचे. नवशिक्याला वाटते, बार हातांनी डोक्यापर्यंत ओढायचा असतो. मोठे खेळाडूही जड बार तेवढा वर ओढत नाहीत. बार पोटा-छातीपर्यंत येतो, बाकीचे अंतर खेळाडू खाली बसून कापतो.

म्हणून आधी बैठक. रुंद पकडीने काठी डोक्यावर धरावी, कोपरे ताठ ठेवावीत आणि टाचा न उचलता पूर्ण खाली बसावे. येथे आपल्या घरांतल्या मुलांची एक जमेची बाजू आहे. उकिडवे बसून भांडी घासणे, निवडणे-टिपणे ज्यांना अंगवळणी पडले आहे, त्यांचे घोटे व खुबे मोकळे असतात. खुर्चीत वाढलेल्यांना हेच कमावायला महिने लागतात.

शिकण्याचा क्रम वरून खाली असावा. उभे राहून काठी मांडीच्या मध्यावर धरायची आणि तेथून उचल करायची. ती साधली की गुडघ्यापासून, आणि सर्वांत शेवटी जमिनीपासून. आपल्याकडे नेमके उलटे चालते.

जमिनीवरून उचलताना बार पायाच्या मध्यावर, म्हणजे बुटाच्या नाडीच्या गाठीवर यावा. पाठ सरळ, छाती पुढे, हात ताठ. मग बार ओढण्यापेक्षा पायांनी जमीन खाली दाबावी. खांदे आणि ढुंगण एकाच वेगाने वर आले पाहिजेत. ढुंगण आधी वर गेले की सगळा भार कमरेवर येतो. ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत महाग पडते. गुडघ्यापर्यंत घाई करू नये. बार मांडीवरून घासत वर आला की पाय झटक्यात ताणावेत, खांदे उचलावेत आणि लगेच खाली जावे. तोपर्यंत हात म्हणजे नुसते दोर. कोपर लवकर वाकले की पायांचा जोर वाटेतच विरतो.

पकडीत अंगठा आत घालून त्यावर बोटे आवळतात. पहिले काही दिवस अंगठा ठणकतो, नंतर सवय होते.

छोट्या व्यायामशाळांत एक अडचण हमखास येते. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून वीतभर वर राहतो. लहान प्लेटा लावल्या की तो खाली जातो आणि पाठ आपोआप वाकते. अशा वेळी दोन्हीकडे लाकडी ठोकळे ठेवून बार नडगीच्या मध्यापर्यंत आणावा. पायात मऊ, फुगीर तळव्याचे बूट नकोत. कडक तळव्याचे साधे कॅनव्हास चालतात. आणि बार सोडायला पहिल्याच आठवड्यात शिकावे. उचल फसली तर त्याला धरून न राहता बार पुढे टाकून मागे सरायचे. स्नॅचमध्ये तो डोक्यामागे गेला तर हात सोडून पुढे निघायचे. त्या वेळी आसपास कोणी उभे नको, लहान मुले तर मुळीच नकोत.

एका खेपेला तीनच उचली कराव्यात, मग दम घ्यावा. अशा पाच-सहा खेपा पुष्कळ झाल्या. रात्रपाळी करून आल्यावर हा व्यायाम करू नये. थकलेले अंग चुकीचे वळण पटकन उचलते. कंबरेत कळ आली किंवा ती पायात उतरू लागली, तर त्या दिवशी बार ठेवून द्यावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

आपल्यासारख्या घरांतली मुले यात कुठवर जातात? सांगलीच्या संकेत सरगरच्या वडिलांची पानपट्टी आणि चहाची टपरी. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ किलो उचलले, म्हणजे गटाच्या वजनमर्यादेच्या दुपटीहून अधिक. क्लीन अँड जर्कमध्ये पहिल्या संधीत १३५ किलो झाले. दुसऱ्या संधीत १३९ किलो उचलताना कोपर दुखावले. तरीही तो तिसऱ्या संधीला उभा राहिला. ती उचल झाली नाही. बेरीज २४८. मलेशियाच्या अनिक कसदानने शेवटच्या संधीत १४२ किलो उचलून २४९ केले. एका किलोने सुवर्ण गेले, रौप्य हाती आले. एवढ्या तयारीच्या खेळाडूचे कोपर जिथे दगा देते, तिथे पहिल्या आठवड्यात पैज लावून प्लेटा चढवणाऱ्याला काय म्हणावे!

मुलींच्या आयांनाही एक सांगायचे आहे. वजन उचलून मुलीचे अंग बेढब होते, मुलांची उंची खुंटते, असे घरोघरी बोलतात. योग्य देखरेखीखाली केलेल्या सरावाने उंची खुंटते, याला आधार नाही. ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला वेटलिफ्टरच होती: सिडनी, २०००, कर्णम मल्लेश्वरी. मीराबाई चानूने टोकियोत, २०२१ साली, ४९ किलो गटात ८७ आणि ११५ किलो उचलून रौप्य मिळवले. लहानपणी ती मणिपुरात सरपणाच्या मोळ्या वाहत असे.

वाळूजहून शहर काही लांब नाही. गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात भारतीय खेल प्राधिकरणाचे केंद्र आहे. जाणत्या प्रशिक्षकाची चौकशी तेथे करावी. तोवर हाताशी फोन आहेच. तो समोर नव्हे, बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून चित्रण करावे आणि घरी सावकाश पाहावे. काठी अंगालगत वर गेली की पुढे सुटली, पहिले काही दिवस एवढेच पाहायचे.