लाइनवर थांबा, पाणी सुटतंय!

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे मागे टाकलं, सुकेळी खिंड उतरली की रोहा तालुक्यातलं खांब लागतं. तिथून कोलाड हाकेच्या अंतरावर. मागे गणपतीच्या मूर्तींचं पेण, एका बाजूला रोहा आणि धाटावची एमआयडीसी. या पट्ट्यातला धंदा आधी फोनवर होतो, मग प्रत्यक्षात. राफ्टिंगवाला, फार्महाउसवाला, मूर्तीचा कारखानदार, ट्रान्सपोर्टवाला, कोणीही घ्या. गिऱ्हाईक दारात येण्याआधी कानाशी येतं. पहिली दोन वाक्यं होतात आणि ऐकू येतं, "एक मिनिट हं, होल्ड करा." पुढे शांतता. नाहीतर टिंगटिंग वाजणारं घंटीसारखं संगीत.

हे एक मिनिट जाहिरातीसाठी सोन्यासारखं आहे. गिऱ्हाइकानं स्वतःहून फोन लावलाय, त्याला माल हवाय, आणि त्याचा कान आपल्यापाशी आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीला पैसे मोजा, महामार्गावर फलक लावा, इतका लक्ष देऊन ऐकणारा माणूस कुठेच मिळत नाही. तरी आपल्याकडे हे मिनिट बहुतेक जण वाया घालवतात. या मिनिटाच्या गोष्टी मात्र भन्नाट आहेत.

एका सुट्या तारेची करामत

फोनवरच्या होल्ड संगीताचा जन्म झाला तो अपघातानं. आल्फ्रेड लेव्ही नावाचे अमेरिकेतले एक कारखानदार. त्यांच्या कारखान्यातल्या फोनची एक सुटी तार इमारतीच्या लोखंडी तुळईला टेकली आणि अख्खी इमारतच रेडिओचा अँटेना झाली. शेजारच्या रेडिओ केंद्राचा कार्यक्रम फोनमध्ये उतरला. होल्डवर ठेवलेल्या माणसाला गाणी ऐकू येऊ लागली आणि तो फोन न ठेवता थांबू लागला! दुसरा असता तर त्यानं तार दुरुस्त करून घेतली असती. लेव्हींनी 1962 मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि 1966 मध्ये पेटंट मिळवलं.

सोळा वर्षांच्या पोराचं संगीत जगभर

मोठ्या कंपन्यांच्या फोनवर होल्डला असताना एक हलकी, सिंथेसायझरवर वाजणारी धून तुम्ही नक्की ऐकली असेल. तिचं नाव 'ओपस नंबर वन'. टिम कार्लटन या सोळा वर्षांच्या मुलानं 1989 मध्ये ती रचली आणि डॅरिक डील या मित्राच्या साथीनं गॅरेजमध्ये ध्वनिमुद्रित केली. पुढे डील 'सिस्को' कंपनीत लागला आणि कंपनीच्या फोनमध्ये त्यानं ही धून घातली. तीच त्या फोनची ठरलेली होल्ड धून झाली. जगात किती कोटी कानांनी ती ऐकली याची गणती नाही, पण रचणाऱ्याचं नाव मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असतं.

तबला फोनमध्ये कुठे जातो?

हे कोडं संगीतवेड्या मराठी माणसाला पडायलाच हवं. साधा फोन आवाजातला 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जाऊ देतो. माणसाचं बोलणं समजायला तेवढा पुरतो. डग्ग्याचा घुमारा त्या पट्ट्याच्या खाली राहतो, झांजेची आणि घुंगरांची किणकिण वर राहते. दोन्ही कापली जातात. मोबाइलचं तंत्र आणखी पुढचं. ते माणसाच्या घशातून आवाज कसा निघतो याच्या गणितावर बेतलेलं आहे. त्यामुळे गाणं आलं की ते गडबडतं, आणि सुरेल बासरी पाण्याखालून वाजल्यासारखी येते. आताच्या एचडी कॉलमध्ये पट्टा साधारण 7000 हर्ट्झपर्यंत रुंदावला, तरी दोन्ही टोकांना तशी सोय लागते.

याचा सरळ अर्थ मी असा काढतो की फोन बोलण्यासाठी आहे. होल्डवर गाणं लावण्यापेक्षा माणसाचा स्पष्ट आवाज लावावा. कायद्याचा कौलही तिकडेच आहे. सिनेमाचं गाणं कार्यालयाच्या फोन यंत्रणेला, म्हणजे ईपीएबीएक्सला, जोडून वाजवलं, तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो. आपल्याच मुलीच्या किंवा पुतण्याच्या आवाजात चार वाक्यं बोलून घेतली तर कोणाची परवानगी लागत नाही.

कुंडलिकेचं पाणी आणि ठरलेले प्रश्न

आता कोलाडला येऊ. कुंडलिकेतलं राफ्टिंग ऐन उन्हाळ्यातही चालतं, आणि यामागे मोठी गमतीची गोष्ट आहे. मुळशीच्या धरणात साठलेलं पाणी घाटाच्या पोटातून भिऱ्याच्या टाटांच्या वीजकेंद्रात उतरतं. वीज करून झाली की ते कुंडलिकेत सोडलं जातं. देशावरून बंगालच्या उपसागराकडे जायला निघालेलं पाणी असं कोकणात येऊन अरबी समुद्राला मिळतं. भिऱ्याचं केंद्र 1927 पासून चालू आहे. सकाळी पाणी सुटलं की नदी भरते, तराफे निघतात. पाणी ओसरलं की त्या दिवसाचा खेळ संपला.

म्हणून राफ्टिंगवाल्याच्या फोनवर प्रश्न तेच ते. पाणी किती वाजता सुटतं? पोहता येत नाही, चालेल का? कपडे कोणते आणायचे? मोबाइल कुठे ठेवायचा? शनिवारी सकाळी एक माणूस लाइफ जॅकेटचे पट्टे आवळतोय, दुसरा यादी तपासतोय, आणि फोन थांबत नाही. होल्डवरच्या आवाजानं काय सांगावं, ते या प्रश्नांतच पडलंय. मी असा मजकूर लिहीन:

"नमस्कार, थांबलात त्याबद्दल आभार. आमचा माणूस आत्ता नदीकाठी आहे, एक-दोन मिनिटांत बोलेल. कुंडलिकेत राफ्टिंग पाणी सुटल्यावर सकाळीच होतं, म्हणून मुंबई-पुण्याहून पहाटे निघा. पोहता आलं नाही तरी चालतं, लाइफ जॅकेट आणि हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणा, चष्म्याला दोरी बांधा. आल्यावर आमच्याकडे तांदळाची गरम भाकरी आणि पिठलं मिळेल. लहान मुलं सोबत असतील तर वयाची अट आधी विचारून घ्या."

एवढं बोलायला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. यात भाकरी-पिठलं ही जाहिरात, चष्म्याची दोरी ही काळजी. चष्म्याच्या दोरीवरून गिऱ्हाइकाला कळतं की ही माणसं रोज नदीत उतरतात. 'रोमांचक अनुभवासाठी आजच संपर्क करा' असली छापील वाक्यं लावू नका. तो संपर्क करूनच थांबलाय!

पेणच्या मूर्तिकाराचंही तसंच. हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी मूर्ती घडतात. श्रावण लागला की फोनवर विचारणा सुरू होते. शाडूची आहे का, दोन फुटांची केवढ्याला, ठाण्याला पोचवाल का. शाडूची मूर्ती सुकायला वेळ घेते, वजनाला जड असते आणि प्रवासात जपावी लागते. हे होल्डवर सांगितलं तर गिऱ्हाईक लवकर नोंदणी करील आणि नंतरची घासाघीसही कमी होईल. वाढीव दराचं कारण आधीच कानावर पडलेलं असतं.

कोलाडला आणखी एक फोन वाजतो, ट्रकवाल्यांचा. माल भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवून नेणारी कोकण रेल्वेची रो-रो सेवा 26 जानेवारी 1999 ला इथूनच गोव्यातल्या वेर्ण्याकडे निघाली. गाडी कधी सुटणार, हे होल्डवर सांगता आलं तर चालकाची झोप वाचते.

बुडापेस्टपासून बिहारपर्यंत

फोनवरून जाहिरात ऐकवण्याची कल्पना नवी वाटते? हंगेरीच्या बुडापेस्टमध्ये 1893 साली 'टेलिफोन हिर्मोंडो' नावाची सेवा निघाली. वर्गणीदारानं रिसीव्हर कानाला लावायचा आणि बातम्या, बाजारभाव, संगीत ऐकायचं. मध्ये मध्ये जाहिरातीही असत. रेडिओ यायला अजून बरीच वर्षं होती!

आपल्या देशातलं उदाहरण त्याहून तडफदार. बिहार-झारखंडच्या ज्या गावांत वीज धड नव्हती, टीव्ही पोचत नव्हता, तिथे हिंदुस्थान युनिलिव्हरनं 'कान खजुरा टेसन' सुरू केलं. मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन यायचा, आणि पंधरा मिनिटं गाणी-विनोद फुकट. अधूनमधून साबणाच्या नि शाम्पूच्या जाहिराती. 2014 च्या कान जाहिरात महोत्सवात या कल्पनेला सुवर्ण पुरस्कार मिळाले. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवण्याची आपली खेड्यातली सवय एका मोठ्या कंपनीनं ओळखली आणि तिचं रेडिओ केंद्र केलं. मला ही या विषयातली सर्वांत हुशार भारतीय खेळी वाटते.

आणि 2020? फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग करोनाच्या सूचना. पुढे अमिताभ बच्चन यांचा आवाज आला, जानेवारी 2021 मध्ये लसीकरणासाठी निवेदिका जसलीन भल्ला यांचा. लोक वैतागले हे खरं. तातडीचा फोन असला तरी आधी सूचना ऐका, हा जाच होता. पण हात धुण्याच्या आणि अंतर ठेवण्याच्या सूचना देशाला तोंडपाठ झाल्या. तेच तेच ऐकवण्याची ताकद आणि तिचा उबग, दोन्ही त्या एका ट्यूनमध्ये होतं.

तीस सेकंदांची भांडणं

मोबाइलवरच धंदा असेल तर एक अडचण आहे. मोबाइलवर होल्डचं बटण दाबलं की समोरच्याला कंपनीची धून किंवा सूचना ऐकू येते, आपली नाही. मग दोन वाटा उरतात. एक, धंद्याच्या नंबरवर स्वतःच्या मजकुराची कॉलर ट्यून. दुसरी, आयव्हीआर म्हणजे 'एक दाबा, दोन दाबा' सांगणारा यंत्राचा आवाज असलेला क्लाउड नंबर. कॉलर ट्यूनची खुबी अशी की फोन उचलेपर्यंत कॉलचं बिल सुरूच होत नाही, म्हणजे गिऱ्हाईक आपली जाहिरात पदरचे पैसे न घालता ऐकतं. पण वेळ मोजका. रिंग किती सेकंद वाजावी यावरून 2019 मध्ये मोबाइल कंपन्यांत जुंपली, कोणी ती वीस-पंचवीस सेकंदांवर आणली. शेवटी दूरसंचार नियामक ट्रायनं मोबाइलसाठी 30 आणि लँडलाइनसाठी 60 सेकंद ठरवून दिले. खांबच्या हॉटेलवाल्याची जाहिरात त्या तीस सेकंदांत बसली पाहिजे.

वाट पाहण्याचं गणित

एके काळी ट्रंक कॉल बुक करून लोक तासन्‌तास बसत. घाई असेल तर 'अर्जंट', फारच घाई असेल तर 'लाइटनिंग', आणि त्याला आठपट पैसे! दूरचा नंबर थेट फिरवता येणारी एसटीडी भारतात 1960 मध्ये कानपूर-लखनऊ दरम्यान आली, तेव्हा ही वाट हळूहळू सरू लागली.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले आग्नर अर्लांग यांनी 1909 मध्ये रांगेचं गणित मांडलं. किती फोन येतात, प्रत्येक किती वेळ चालतो, मग किती माणसं बसवावीत. आजची कॉल सेंटरं याच गणितावर चालतात. पण मनाचं गणित निराळं. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मायस्टर यांनी 1985 मध्ये लिहून ठेवलंय की रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, आणि किती थांबायचं हे ठाऊक नसेल तर आणखीच लांब. दर दहा सेकंदांनी संगीत तोडून 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणणारे फोन म्हणूनच इतके चीड आणतात. संगीत थांबलं की माणूस आला असं वाटतं, आणि येतो पुन्हा तोच आवाज. 'एक-दोन मिनिटं लागतील' एवढं खरं सांगून टाकावं.

भाषेचंही तेच. कितीतरी आयव्हीआरमध्ये मराठीसाठी तिसरा आकडा दाबावा लागतो. रोहा-पेणच्या धंद्यानं तरी मराठी पहिली ठेवावी, हिंदी नंतर. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला कोकणातल्या माणसाचा आवाज ऐकूनच निम्मं कोकण भेटतं.

आता ज्यांचा या पट्ट्यात धंदा आहे, त्यांनी आजच दुसऱ्याच्या फोनवरून आपल्या नंबरला फोन लावावा, होल्डवर राहावं आणि काय ऐकू येतं ते नीट ऐकावं. मागच्या दिवाळीची सवलत अजून वाजत असेल, तर गणपतीचं बुकिंग सुरू होण्याआधी ती बदलून घ्या.