प्रीलिमचे ६२, बोर्डाचे किती?

जानेवारीत प्रीलिमचा निकाल लागतो आणि गावाकडच्या घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. तुम्ही मुंबईत नोकरीला, धाकटं भावंडं दहावीत आणि आईचे फोन सुरू... अशा वेळी घरच्यांना समजवायचं तरी कसं?

शुक्रवारची संध्याकाळ. गेटवेहून मांडव्याची बोट सुटलेली. सीगल्सना चिप्स घालणारं पब्लिक, सेल्फी, वीकएंडचा मूड... आणि आईचा फोन.

"बासष्ट टक्के पडलेत त्याला प्रीलिमला. बाबा दुपारी जेवलेच नाहीत."

गोष्ट जानेवारी २०२५ ची. माझा धाकटा भाऊ दहावीला, आमचं घर चौलला, सुपारीच्या वाडीत. घरी पोचेपर्यंत बाबांचा निर्णय झालेलासुद्धा! "सायन्स-बियन्स काही नको. झेपायचं नाही त्याला." भाऊ पडवीत पुस्तक उघडं टाकून बसलेला, पण नजर पुस्तकात नव्हती. दोन दिवस कोणाशी धड बोलला नव्हता. बोर्डाची परीक्षा महिन्याभरावर आणि पोरगा आत्ताच हरलेला. मला खरं टेन्शन आलं ते त्या ६२ चं नाही, त्याच्या त्या चेहऱ्याचं.

"पेपर बघितलेत का?" मी विचारलं. कोणी बघितले नव्हते. सगळ्यांनी फक्त खालचा आकडा बघितला होता.

मग कालनिर्णयचं डिसेंबरचं पान उलटं केलं आणि त्याच्या मागे हिशोब मांडला. तुम्हीही हाच मांडा, कारण निम्मं टेन्शन इथेच उतरतं. शाळेची प्रीलिम होती फक्त लेखी, म्हणजे प्रत्येक विषय ८० चा. मराठी ५४, हिंदी ५२, इंग्रजी ४१, गणिताचे दोन्ही भाग मिळून ४३, विज्ञानाचे ४९, इतिहास-भूगोल ५८. बेरीज २९७, तीही ४८० पैकी. झाले ६२ टक्के. बरोबरच आहे, शाळेचं काही चुकलं नाही.

पण बोर्डाचा हिशोब असा नसतो ना! तिथे प्रत्येक विषयाला शाळेने दिलेले २० पैकी इंटर्नल मार्क मिळवले जातात. भावाचे साधारण १८ धरले. आकडे झाले ७२, ७०, ५९, ६१, ६७ आणि ७६. आता 'बेस्ट ऑफ फाइव्ह', म्हणजे सहातले सगळ्यात चांगले पाच विषय धरायचे. इंग्रजीचे ५९ बाजूला. उरले ५०० पैकी ३४६. म्हणजे ६९.२० टक्के.

पोरगा तोच, पेपर तेच, मार्कही तेच. एकीकडे ६२, दुसरीकडे ६९!

बाबांनी पान दोनदा तपासलं. मग म्हणाले, "मग शाळेने हे का नाही सांगितलं?" शाळेने सांगायला हवं होतं, हे खरं. पण शाळेचा प्रीलिमचा उद्देशच वेगळा असतो. पोर कुठे अडकतंय ते दाखवायचं आणि जमलं तर थोडं घाबरवायचं! काही शाळा पेपर जाणूनबुजून कडक तपासतात, काही सढळ हाताने मार्क देतात. म्हणून शेजारच्या शाळेतल्या मुलाचे ७८ आणि आपल्याचे ६२ यांची तुलना म्हणजे अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा भाव लावून नाशिकचा लाल कांदा विकणं. वर्गात सगळ्यात जास्त किती पडले आणि सरांचा हात दरवर्षी कसा असतो, हे सरांना जाऊन विचारलं तरच त्या ६२ ला काही अर्थ.

आता माझी स्टोरी. हा विषय माझ्या इतका जिव्हाळ्याचा का, ते कळेल.

मी २०१९ च्या दहावीची. आठवतंय ते वर्ष? अभ्यासक्रम नवा, भाषेला नव्याकोऱ्या कृतिपत्रिका आणि भाषा नि समाजशास्त्राचे २० इंटर्नल मार्क त्याच वर्षी काढून टाकलेले. पेपर थेट १०० चा. आदल्या वर्षी, २०१८ ला, राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. आमचा लागला ७७.१० टक्के. मला प्रीलिमला ८१ होते, बोर्डात आले ७६. तेव्हापासून घरात एकच वाक्य फिरत राहिलं : "प्रीलिमला ८१ होते, मग बोर्डात काय केलंस?" काय करणार, बॉस? पुढच्या वर्षी सरकारने इंटर्नल परत आणले आणि २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. मुलं एका वर्षात हुशार झाली की काय?

त्या २०२० च्या बॅचचीही गंमत ऐका. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळे रद्द झाला आणि त्याचे मार्क बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून दिले गेले. म्हणजे अंदाज थेट मार्कशीटवर छापला गेला! ३ जूनला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-मुरूडकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या. २९ जुलैला निकाल लागला, तेव्हा भूगोलाच्या मार्कांवर वाद घालायच्या मनःस्थितीत तिकडे कोण होतं?

आणि २०२१ ला तर परीक्षाच नाही. दहावीला प्रत्येक विषयाचे ५० मार्क नववीच्या निकालावरून, ३० दहावीतल्या शाळेच्या लेखी मूल्यमापनावरून, २० इंटर्नल. निकाल ९९.९५ टक्के. बारावीला आमची बॅच. लेखीसाठी ३०:३०:४० असा फंडा : दहावीतल्या सगळ्यात चांगल्या तीन विषयांचे ३०, अकरावीचे ३०, बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४०. (अकरावीत कोणी अभ्यास करतं का हो?) ३ ऑगस्टला निकाल लागला, ९९.६३ टक्के. दहावीला ७७ टक्क्यांची म्हणून नाकं मुरडली गेलेली जवळपास तीच बॅच, दोन वर्षांनी शंभराच्या उंबरठ्यावर! माझ्या बारावीच्या मार्कांत तर २०१९ चे दहावीचे मार्क पुन्हा येऊन बसले.

अंदाजालाच निकाल केलं की पुढे अडतं, तेही त्याच वर्षी दिसलं. अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्टला सीईटी घ्यायचं ठरलं. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला ती रद्द केली. म्हणजे मधले दिवस मुलं पास झाल्याचे पेढेही वाटत होती आणि सीईटीचा अभ्यासही करत होती.

परदेशात काय चालतं? ब्रिटनमध्ये तर शिक्षकांच्या अंदाजावर युनिव्हर्सिटी आधी ऑफर देते आणि ऑगस्टमध्ये खरे ग्रेड आले की ती पक्की होते किंवा जाते. २०१६ साली गिल वाइनेस या संशोधक बाईंनी तिथला डेटा तपासला. तीन विषयांचे अंदाज तंतोतंत बरोबर आलेले विद्यार्थी होते फक्त १६ टक्के. ७५ टक्के मुलांना शिक्षकांनी खऱ्यापेक्षा जास्त ग्रेड धरले होते. २०२० ला परीक्षा रद्द झाल्यावर सरकारने शिक्षकांचे अंदाज कॉम्प्युटरच्या सूत्रातून फिरवले, जवळजवळ ४० टक्के ग्रेड खाली आले, मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. तुमच्या ओळखीत कोणाचं मूल बारावीनंतर तिकडे अर्ज करणार असेल तर त्याच्यासाठी शाळेने दिलेला अंदाज खरंच महत्त्वाचा कागद आहे. तो जपून ठेवा.

आपल्या एसएससीच्या पोराला मात्र तसं काही नाही. प्रीलिमचा कागद कुठेच अपलोड करायचा नसतो! २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, म्हणजे आपलं अलिबाग-मुरूडही त्यात आलं. मेरिट लागतं ते बोर्डाच्या मार्कांवर. कॉलेजांची दहापर्यंत नावं पसंतीक्रमाने भरायची आणि इथे जरा डोकं लावायचं, कारण पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. "पहिलं नाव आपलं उगाच टाकून बघू," हा बाबा लोकांचा आवडता डाव इथे अंगाशी येतो.

बारावीवाल्यांच्या घरी आणखी एक घोळ : पर्सेंटाइल. सीईटीत ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के मार्क नव्हेत, तर परीक्षा दिलेल्या शंभरातले साधारण ९२ जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे. आईला हे सांगताना मी बोटीच्या रांगेचं उदाहरण दिलं. तिला लगेच कळलं, मीच बीकॉमला असताना कळायला दोन तास घेतले होते. सीबीएसईचे ए-वन, ए-टूही तसेच, पास झालेल्यांच्या रांगेत तुम्ही कितवे त्यावर मिळतात. आधी छातीठोक सांगता येत नाहीत.

तर त्या शनिवारी आम्ही पेपर काढले. इंग्रजीत पत्रलेखन आणि सारांश कोरा! वेळ पुरला नव्हता. गणितात तीन गणितं शेवटच्या पायरीवर चुकलेली. हे सगळं महिन्याभरात सुधारण्यासारखं होतं आणि '६२' या आकड्यात ते कुठेच दिसत नव्हतं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अंगणातल्या कलमाकडे बघत म्हणाले, "मोहोर बघून मी कधी पेट्या मोजल्यात का?" भाऊ पहिल्यांदा हसला. सायन्सचं काय करायचं ते मे महिन्यात ठरवू, असं ठरलं. नातेवाइकांना आकडा सांगायचा नाही, हेही ठरलं. आईला ते सगळ्यात जड गेलं!

एक गोष्ट तेव्हाच सांगून ठेवली. बोर्डात खूपच कमी आले आणि पटले नाहीत, तर रडत बसायचं नाही. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, शिक्षकांना दाखवायची आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. मुदत थोडी असते, तारखा निकालाच्या दिवशीच लिहून ठेवायच्या.

१३ मेला निकाल लागला. भावाला ७४.६०. फार ग्रेट नाही, फार वाईट नाही. सायन्सला अलिबागमध्येच प्रवेश मिळाला, रोज एसटीने जातो-येतो.

यंदा जानेवारीत घरी गेले, तर पडवीत शेजारचे काका प्रीलिमचा कागद घेऊन बसलेले. बाबा चष्मा लावून कालनिर्णयच्या मागे बेरजा मारतायत. "इंटर्नल धरलेत का तुम्ही? आणि सहा नाही, पाचच विषय घ्यायचे." मी चहा घेऊन आले, तर त्यांनी वर न बघताच विचारलं,

"तुमच्या वर्षी इंटर्नल नव्हतेच ना गं?"