अंगणातील वेधशाळा : लोहगडवाडीचा पाऊस कसा मोजाल?

लोकलने मळवलीला उतरून भाज्यावरून वर चढू लागले की आपण गायमुख खिंडीत येतो. एका हाताला लोहगड, दुसऱ्या हाताला विसापूर, आणि गडाच्या पायथ्याशी लोहगडवाडी. पावसाळ्यात येथे ढग आकाशात नसतात, ते अंगणात असतात. वाळत घातलेले कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. ज्याला हवामानाचा छंद लावून घ्यावयाचा आहे त्याला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला धडकतात आणि त्यांना वर चढणे भाग पडते. वर चढलेली हवा प्रसरण पावते, थंड होते व तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. घाटमाथा ओलांडून तीच हवा पूर्वेस खाली उतरू लागली की ढग विरळ होतात. म्हणूनच लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर लोहमार्गाने अवघ्या ६४ कि.मी.वर असलेल्या पुण्यात तो सात-साडेसातशे मि.मी.च्या घरात राहतो. एका तालुक्यात, एकाच दिवशी, दोन गावांचा पाऊस दुपटी-तिपटीने वेगळा असू शकतो. २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला, त्याच मुंबईत कुलाब्याला केवळ ७३ मि.मी.! दूरच्या केंद्रावरील आकडा आपल्या गावाचा आकडा नव्हे, हे ध्यानात येण्यास एवढे उदाहरण पुरे आहे. आज राज्य शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे महाराष्ट्रात आहेत, परंतु तीही महसूल मंडळाला एक या हिशेबाने. डोंगराच्या कुशीतल्या वाडीचा पाऊस वाडीतच मोजावा लागतो.

पाऊस मोजण्याची आपल्याकडील कल्पना तशी जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर, तोंडाचे भांडे पर्जन्यमापनासाठी ठेवण्यास सांगितले आहे. निरनिराळ्या प्रदेशांचे पावसाचे मान तेथे द्रोणांत दिलेले आहे. अपरान्ताच्या, म्हणजे कोकणाच्या, बाबतीत मात्र ग्रंथकाराने मापच सोडून दिले आणि ‘अमित’ म्हटले. घाटाच्या कडेवरून कोकणात कोसळणारा पाऊस ज्याने पाहिला आहे तो त्याला दोष देणार नाही.

आता आपले भांडे तयार करू. पुस्तकांतील आकृतीत बहुधा एक लिटरची बाटली व तीवर नरसाळे दाखविलेले असते. सोलापूरला ते चालेल. लोहगडवाडीला ती बाटली एका रात्रीत ओसंडून वाहील. येथे खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्यावा. त्याच्या तोंडात नरसाळे घट्ट बसवावे आणि नरसाळ्यावर चार इंची पी.व्ही.सी. नळाचा वीतभर तुकडा उभा चिकटवावा. नळामुळे दोन गोष्टी साधतात : काठ सरळ व धारदार मिळतो, आणि टपोरे थेंब नरसाळ्यावर आपटून बाहेर उडत नाहीत. सांध्यातून थेंबही झिरपता कामा नये.

नळाचा आतला व्यास पट्टीने नीट मोजा. समजा तो १०.४ सें.मी. भरला. त्रिज्या ५.२ सें.मी., तेव्हा तोंडाचे क्षेत्रफळ ३.१४ × ५.२ × ५.२, म्हणजे सुमारे ८५ चौ. सें.मी. या क्षेत्रफळावर १ मि.मी. उंचीचे पाणी साचले तर ते ८.५ घन सें.मी., म्हणजेच ८.५ मिलिलिटर होईल. सकाळी कॅनमध्ये १,७०० मिलिलिटर पाणी निघाले, तर पाऊस झाला २०० मि.मी. एक लिटरची बाटली ११८ मि.मी.लाच भरली असती! पाणी मोजण्यास शाळेच्या प्रयोगशाळेतील मोजपात्र उत्तम. ते नसेल तर वाण्याच्या काट्यावर वजन करा, कारण एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर.

भांडे कोठे ठेवावयाचे, यावर सारे अवलंबून आहे. झाडाखाली नको, पागोळ्यांजवळ नको. जवळचे घर किंवा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडावे. काठ जमिनीपासून सुमारे ३० सें.मी. वर व अगदी समतल असावा. खाली फरशी असेल तर थेंब उडून आत जातील, गवत बरे. आणि उत्साहाच्या भरात ते भांडे गडाच्या माथ्यावर नेऊन ठेवू नका. वाऱ्याच्या झोताने पाऊस आडवा होतो व काठावरून निसटून जातो. उघड्या माथ्यावर पर्जन्यमापक नेहमी कमीच दाखवितो. खिंडीच्या तोंडाशीही तीच अडचण. वाऱ्यापासून थोडा आडोसा असलेले परसू अधिक विश्वासाचे.

नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावी. भारतभर हवामान खात्याची केंद्रे याच वेळी चोवीस तासांचा पाऊस मोजतात, त्यामुळे तुमचा आकडा पुण्याच्या शिवाजीनगरच्या आकड्याशेजारी मांडता येतो. (हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून तेथील इमारतीला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.) पाऊस पडलाच नाही तर ० लिहा. नोंद घ्यावयाची राहिली तर आडवी रेघ मारा. शून्य आणि रेघ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दोन दिवसांचे पाणी एकदम मोजले असेल तर तसे स्पष्ट लिहा. अंदाजाने वाटणी करू नका.

तापमापक मात्र उघड्यावर टांगू नये. उन्हात तो हवेचे नव्हे, स्वतःच्या तापलेल्या काचेचे तापमान दाखवितो. यासाठी झडपांच्या भिंतींची पांढरी पेटी वापरतात. ती टॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहे बांधणाऱ्या इंजिनियराने योजिली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा. फळांच्या खोक्याच्या पट्ट्यांपासून अशी पेटी सुट्टीत सहज होते. पांढरा रंग द्यावा, दार उत्तरेस ठेवावे व पेटी छातीच्या उंचीवर बसवावी.

आत दोन सारखे तापमापक लावा आणि एकाच्या फुग्याभोवती ओल्या मलमलीची वात गुंडाळून तिचे टोक पाण्यात सोडा. पाण्याची वाफ होताना उष्णता जाते, म्हणून ओला तापमापक खाली उतरतो. कोरडा ३०° व ओला २४° सेल्सियस असेल तर सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास असते. जुलैत ढग अंगणात उतरला की दोन्ही एकच आकडा दाखवितात. कपडे का वाळत नाहीत ते तेथे कळते.

वायुभारमापक विकत घेण्याची घाई नको. काही मोबाइल फोनांत वायुभार मोजणारी चिप असते, तिने एक मजेदार प्रयोग होतो. पाऊस नसलेल्या दिवशी सकाळी दहा, दुपारी चार आणि रात्री दहा वाजता आकडे लिहा. दहाच्या सुमारास भार अधिक व चारच्या सुमारास कमी आढळेल. दिवसातून दोनदा येणारी ही वातावरणाची भरती-ओहोटी आपल्या उष्ण कटिबंधात चांगली जाणवते. पायथ्यापासून गड चढतानाही आकडा पाहा, दर नऊ-दहा मीटरला सुमारे एक हेक्टोपास्कल उतरेल.

आता थोडे गंभीर बोलू. जुलै १९८९ मध्ये याच डोंगरांच्या पायथ्याच्या भाजे गावावर दरड कोसळली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली, रायगड जिल्ह्यात, इर्शाळवाडीवर तीच वेळ आली. उतारावरील माती पाणी पीत जाते, कणांमधील पाण्याचा दाब वाढतो आणि मातीची पकड सुटते. म्हणून एका दिवसाच्या आकड्याइतकीच मागील तीन दिवसांची बेरीजही महत्त्वाची. ती वेगळ्या रकान्यात रोज लिहावी. इर्शाळवाडीची दरड रात्री कोसळली. सकाळी साडेआठचा आकडा रात्रीच्या पावसाबद्दल काही सांगत नाही, तेव्हा मोठी झड लागली असता दिवसा दर तीन तासांनी आणि झोपण्यापूर्वी एकदा मोजावे (त्या साऱ्यांची बेरीज सकाळच्या नोंदीत धरावयास विसरू नये). विजा चमकत असतील तर बाहेर पडू नये. अमुक मिलिमीटरला दरड कोसळते असा नियम नाही. पण बेरीज चढत आहे, जमिनीला भेगा दिसत आहेत, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले आहे किंवा झाडे कलली आहेत, असे दिसल्यास वही घेऊन बसू नका. थोरांना, सरपंचांना व तहसील कार्यालयाला लगेच कळवा आणि उताराखालून दूर व्हा.

शिक्षकांसाठी एक सूचना. लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशा लोहमार्गावरील शाळांनी एकाच मापाची भांडी ठेवली, तर पूर्वेकडे पाऊस कसा ओसरतो याचा आलेख एका पावसाळ्यात मिळेल. एखाद्या शाळेत स्वयंचलित पर्जन्यमापक असेल तर त्याच्या शेजारीच कॅन ठेवा. त्या यंत्रात आत एक चिमुकला झोका असतो. ठरावीक पाणी भरले की तो कलतो व एक नोंद होते. मुसळधार पावसात कलण्याच्या क्षणी थोडे पाणी मोजणीतून सुटते. दोघांच्या आकड्यांतील फरक मुलांनाच काढू द्या.

पावसाची बेरीज महिन्यांबरोबर नक्षत्रांनीही करून पाहा, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांना वहीत रस वाटेल. मृग साधारण ७-८ जूनला लागते, आर्द्रा २१-२२ ला, पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस ५-६ जुलैपासून व पुष्याचा ‘म्हातारा’ १९-२० पासून. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहन दिलेले असते, बेडूक, मोर, उंदीर, हत्ती असे. तेही शेजारच्या रकान्यात लिहून ठेवा. चार-पाच पावसाळे झाले की वाहन आणि मिलिमीटर यांचा मेळ बसतो की नाही, ते आजोबांना सोबत घेऊन तपासा.