ऑर्नेट कोलमन आणि जॅझ संगीतांतील स्वातंत्र्य

कलेंत नियम आधीं कीं कृति आधीं, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेंतील जॅझ संगीताच्या इतिहासांत १९५९ सालीं निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेनें हा प्रश्न मोठ्या धीटपणें पुढें मांडला. तिचें नांव 'द शेप ऑफ जॅझ टु कम', म्हणजे भावी जॅझचें स्वरूप. आणि तिचा कर्ता सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन.

कोलमन हा १९३० सालीं टेक्सास प्रांतांतील फोर्ट वर्थ येथें एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांत जन्मला. सॅक्सोफोन तो बव्हंशीं आपला आपणच शिकला, म्हणून त्याची वाजविण्याची तऱ्हाही निराळी. बॅटन रूज येथें एकदां लोकांनीं त्यास मारहाण करून त्याचें वाद्य मोडून टाकलें. पुढें लॉस एंजेलिस शहरीं एका मोठ्या दुकानांत लिफ्ट चालवून तो पोट भरी, आणि फावल्या वेळीं संगीतशास्त्राचीं पुस्तकें वाची. धातूचें नवें वाद्य घेण्यास पैसा नव्हता, म्हणून त्यानें प्लॅस्टिकचा पांढरा सॅक्सोफोन घेतला. ही ध्वनिमुद्रिका त्याच वाद्यावर वाजविलेली आहे.

त्याच्या धीटपणाचें मर्म कळण्यास जॅझची पूर्वींची रीति ध्यानांत घेतली पाहिजे. पाश्चात्त्य संगीतांत अनेक स्वर एकदम वाजवून जे स्वरसमूह होतात, त्यांची एक ठराविक मालिका प्रत्येक गीतास असते. आपल्याकडील तालाच्या आवर्तनाप्रमाणें ती फिरून फिरून येते. पियानोवादक ती वाजवीत राहतो, आणि मुख्य वादक तिच्या मर्यादेंत राहून उत्स्फूर्त विस्तार करतो. कोलमननें पियानोच वगळला. कॉर्नेटवर डॉन चेरी, डबल बेसवर चार्ली हेडन, ड्रमवर बिली हिगिन्स आणि स्वतः तो, असे चौघेच. आरंभीं धून वाजवावयाची. नंतर तिचा भाव धरून मन नेईल तिकडे जावयाचें, आणि इतरांनीं कान देऊन त्याच्या मागोमाग यावयाचें, अशी ही पद्धति.

'लोन्ली वुमन' हें पहिलेंच गीत पाहा. खालीं ड्रम जलद गतीनें चालला आहे. वर दोन्ही वाद्यें मात्र संथ, शोकाकुल धून वाजवीत आहेत. दोन गति एकाच वेळीं चालूनही गोंधळ होत नाहीं. उलट गर्दींत एकट्या पडलेल्या जिवाचें दुःख अधिकच जाणवतें.

त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत हे चौघे न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' ह्या ठिकाणीं वाजवूं लागले, आणि जाणत्यांत दोन तट पडले. लेनर्ड बर्नस्टाइन ह्यानें स्तुति केली. माइल्स डेव्हिस ह्यानें टीका केली. कोलमन मागें हटला नाहीं. १९६० सालीं त्यानें आठ वादकांना घेऊन सुमारें ३७ मिनिटांची अखंड रचना मुद्रित केली. तिचें 'फ्री जॅझ' हें नांव पुढें एका संपूर्ण पंथास मिळालें. २००७ सालीं त्यास पुलित्झर पारितोषिक देण्यांत आलें. २०१५ सालीं तो निवर्तला.

स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे, हें ह्या ध्वनिमुद्रिकेवरून चांगलें समजतें. ठरलेली मालिका गेली, तेव्हां प्रत्येकावर दुसऱ्याचें ऐकण्याची जबाबदारी अधिक आली. जो ऐकत नाहीं, त्यास अशा मेळांत एक क्षणही वाजवितां येणार नाहीं.